भोगवटादार

गेल्या माघात, वेंगुर्ले तालुक्यातील आमच्या गावच्या सड्यावर, जिथे वर्षातील आठ महिने उन्हाने तापणारा काळा कातळ आणि उरलेले चार महिने त्याच कातळाच्या खळग्यांतून साचणारे पाणी यांखेरीज दुसरे काही आमच्या तीन पिढ्यांनी पाहिलेले नाही, तिथे उभे राहून एका जमिनीच्या दलालाने मला एक वाक्य ऐकविले. त्या वाक्याने मला ज्या विचारास लावले, त्याचा हा जमाखर्च आहे. व्यवहार करताना वस्तूची खोट आधी सांगावी, ही आमच्याकडची जुनी रीत. तिला अनुसरून मी त्याला सांगत होतो की इथे माती नाही, विहीर लागत नाही, आणि सातबाऱ्यावर ही जागा पोटखराबा म्हणून लागलेली असल्यामुळे सरकार तिच्यावर आकारसुद्धा घेत नाही. तो पश्चिमेकडे तोंड करून उभा होता. खाली माडांचे शेंडे, त्यांच्यापुढे पुळण, आणि पुढे उन्हात चकाकणारे पाणी. माझे बोलणे संपेपर्यंत तो सभ्यपणे थांबला, आणि मग म्हणाला, "काका, हय जमनीचो भाव नाय. दर्याचो भाव आसा."

मोजणीदारांनी ज्या काळी ही जमीन साखळीने मोजली त्या काळी पिकास नालायक असा भाग वेगळा काढून त्यांनी त्याला 'पोटखराबा' हे नाव दिले. आमच्या उताऱ्यावर हा खराबा ० हेक्टर ४२ आर आहे. आणि माझ्या आत्याच्या लग्नाच्या वेळी सावकाराने तो गहाणात धरण्याचेही नाकारले होते, अशी घरातली आठवण आहे. त्याच बेचाळीस आरांना दलाल जी रक्कम देऊ करीत होता, ती खालच्या माडबागेच्या, म्हणजे जिला आजोबांपासून सर्वांनी कळशीकळशीने पाणी घातले त्या बागेच्या, किमतीच्या कित्येक पट होती. ज्यावर घाम गळला ते स्वस्त आणि ज्यावर कुणाचाच गळला नाही ते महाग, याचे अर्थशास्त्राला नवल वाटत नाही. मला मात्र त्या दिवशी एक भलताच प्रश्न पडला: जो समुद्र मी निर्माण केला नाही, विकत घेतला नाही, आणि ज्याचा फेरफार कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरी माझ्या नावे झालेला नाही, त्याचा भाव मी कोणत्या अधिकाराने घ्यावा?

दलालाला दोष देऊन या प्रश्नातून सुटता आले असते. पण माझेच हात स्वच्छ नव्हते. मुंबईची नोकरी संपवून मी गावी परतलो तेव्हा वडिलोपार्जित घराला जोडून चार खोल्या बांधल्या, आणि गेली काही वर्षे त्यांत पाहुणे उतरवून, त्यांना सोलकढी आणि सुरमईचे तिखले खाऊ घालून, मी आपला संसार चालवीत आहे. या चार खोल्यांपैकी दोन मागे फणसाच्या बाजूला उघडतात आणि दोन पुढे, समुद्राकडे. खाट तीच, गादी तीच, न्याहारीचे आंबोळी-चटणीचे ताट तेच. तरी मागल्या खोलीचे भाडे दीड हजार आणि पुढल्या खोलीचे अठराशे. हे तीनशे रुपये कशाचे? अनेक वर्षे मी ते घेत आलो आणि एकदाही मला हा प्रश्न पडला नव्हता. दलाल घाऊक व्यापारी, मी किरकोळ, एवढाच आमच्यातला फरक.

आणि ही गोष्ट माझ्या एकट्याची नाही. १९८१ साली १ मे रोजी रत्नागिरीपासून वेगळा झालेला आमचा सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढल्याच वर्षी कोकण रेल्वे सलग धावू लागली. २०२१ च्या ऑक्टोबरात चिपीला विमान उतरले आणि २०२३ च्या आरंभी सीमेपलीकडे मोप्याचा विमानतळ सुरू झाला. हे दोन्ही विमानतळ सड्यांवरच आहेत, म्हणजे जुन्या भाषेत खराब्यावरच. तारकर्ली, देवबाग, भोगवे, निवती ही नावे, जी आमच्या लहानपणी मासळीच्या दराच्या संदर्भात ऐकू येत, ती आता सुट्टीच्या बेतात ऐकू येतात. भरतीच्या रेषेपासून पाचशे मीटरांत काय बांधावे आणि काय बांधू नये याचे नियम १९९१ पासून आहेत आणि ते पुष्कळदा बदललेही आहेत. परंतु ते नियम बांधकामाविषयी बोलतात. किनाऱ्याचे सौंदर्य कोणाचे, हे सांगणे त्यांचे कामच नव्हे.

ते सांगण्याचा प्रयत्न आपल्या जुन्या शास्त्रकारांनी मात्र केलेला आहे. स्वामित्व कशाने उत्पन्न होते, याचा विचार गौतमधर्मसूत्रात पाच मार्गांनी केला आहे: वारसा, खरेदी, वाटणी, परिग्रह आणि अधिगम. माझ्या तीनशे रुपयांना यांपैकी कोणता मार्ग लागू पडतो, हे मी एका पावसाळ्यात, पाहुणे नसताना, स्वस्थ बसून ताडून पाहिले. वडिलांकडून मला कातळ मिळाला, क्षितिज मिळाले नाही. खरेदी आणि वाटणी या गोष्टीही जमिनीच्याच. अधिगम म्हणजे दैवात असलेले गुप्त धन हाती लागणे. पण रोज सकाळी दाराबाहेर दिसते त्याला गुप्त कसे म्हणावे? राहता राहिला परिग्रह. मिताक्षरेत त्याचा खुलासा असा आहे की पूर्वी कुणाचे नसलेले पाणी, गवत, लाकूड यांसारखे पदार्थ आपलेसे करणे म्हणजे परिग्रह. हा मार्ग माझ्या धंद्याला जवळचा वाटतो खरा. परंतु ओहोळातून जो घागर भरून नेतो तो त्या घागरीतल्या पाण्याचा धनी होतो, ओहोळाचा होत नाही, आणि मागून येणाऱ्या बाईला 'परत जा' असे म्हणण्याचा हक्क त्याला त्या घागरीने मिळत नाही.

याहूनही मूलगामी चर्चा मीमांसकांनी केली आहे, आणि तीही एका यज्ञाच्या निमित्ताने. विश्वजित् यागात यजमानाने आपले सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यावयाचे असते. मग यजमान सार्वभौम राजा असेल तर त्याने पृथ्वीही देऊन टाकावी काय? जैमिनीचे उत्तर नकारार्थी आहे, आणि कारण असे की भूमी ही सर्वांना सारखीच आहे. शबरस्वामींनी भाष्यात याचा विस्तार केला आहे: एखादे क्षेत्र कुणाच्या मालकीचे असू शकते, पृथ्वीमंडलाचा मालक कुणीच दिसत नाही, राजाला जो धान्याचा भाग मिळतो तो पालनाबद्दल मिळतो, पृथ्वीचा स्वामी म्हणून नव्हे. पुढे सतराव्या शतकात, मूळच्या पैठणच्या पण काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी 'व्यवहारमयूखा'त हाच निष्कर्ष उचलून धरला. आणि इंग्रजी अमदानीत मुंबईच्या न्यायालयांनी उत्तर कोकणातल्या वारशाच्या तंट्यांत याच मयूखाला प्रमाण मानले, हा योगायोग मला मौजेचा वाटतो. ज्या ग्रंथाच्या आधारे आमच्या शेजारच्या मुलखातील भाऊबंद बांधाबांधासाठी भांडले, त्याच ग्रंथाने राजालाही पृथ्वीचा मालक मानलेले नव्हते.

आता आपल्या सातबाऱ्याकडे वळू. ज्या माणसाने हा कागद कधी लक्षपूर्वक वाचला नसेल त्याने तो एकवार वाचावा, अशी माझी शिफारस आहे. आपण तोंडाने 'मालक' म्हणतो, 'धनी' म्हणतो. परंतु ज्या रकान्यात आपले नाव असते तिथे 'भोगवटादार' असा शब्द छापलेला असतो. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमानेही हाच शब्द कायम ठेवून त्याचे वर्ग पाडले. आम्ही भोगवटादार वर्ग एक आहोत, म्हणजे विकण्यास मोकळे आहोत, हे मी लपवीत नाही. तरीही शब्द तो शब्द. त्याच्या पोटात संस्कृतातला 'भुज्' धातू आहे, आणि या धातूला पाणिनीय धातुपाठाने दोन अर्थ दिले आहेत: एक खाणे, उपभोगणे, दुसरा पालन करणे. राजाला 'भूभुज्' म्हणत, तो पृथ्वी खातो म्हणून की राखतो म्हणून, याचे उत्तर प्रत्येक राजाने आपापल्या परीने दिले.

ईशावास्योपनिषदाच्या पहिल्या मंत्रात, जिथे हे सारे जग ईश्वराने व्यापिलेले म्हणून सांगून लगेच त्याच्या भोगाची आज्ञा केली आहे, तिथेही हाच धातू आहे. आणि शंकराचार्यांनी तिथे 'भोग घे' हा सरळ अर्थ बाजूला ठेवून, त्यागाने आत्म्याचे पालन कर, असा अर्थ केला आहे. यावर वैयाकरण हरकत घेतील, आणि ती हरकत खोटी नाही. कारण पालनाचा अर्थ नसेल तेव्हाच हा धातू आत्मनेपदी चालतो, असा पाणिनीचा नियम आहे आणि मंत्रातले रूप तर आत्मनेपदी आहे. आचार्यांना हा नियम ठाऊक नसेल असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. व्याकरण मोडूनही त्यांना पालन इथे आणावेसे वाटले, याची मला अधिक किंमत वाटते. त्यांचा रोख आत्म्याकडे आहे, माझा बेचाळीस आरांकडे. पण खाण्याचा हक्क राखण्याच्या कामातून निघतो, हे सूत्र मला दोन्हीकडे एकच दिसते. राजाला धान्याचा वाटा पालनाबद्दल, तसा मला पाहुण्याकडून तीनशे रुपयांचा वाटा. मी राखीत नसेन, तर ते तीनशे रुपये चोरीचे आहेत.

हे संस्कृत पंडितांपुरते आहे असे कुणी समजू नये. आमच्या भागात प्रत्येक जागेला राखणदार असतो. आमच्या सड्याच्या टोकाला एका झुडपाखाली शेंदूर न लावलेला एक साधा दगड आहे, आणि वर्षातून एकदा तिथे 'राखण' द्यावी लागते. चार खोल्यांचा पाया खणण्याआधी तिथे नारळ ठेवून गावच्या घाड्याने गाऱ्हाणे घातले, आणि आम्ही दहाबारा माणसे मागे उभी राहून प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणत होतो. मुंबईत तीस वर्षे काढलेल्या मला तेव्हा थोडे अवघडल्यासारखे झाले होते. आता वाटते की ते गाऱ्हाणे म्हणजे एक अर्ज होता: ही जागा तुझी, आम्ही इथे पोट भरायला बसतो आहोत, संभाळून घे. ज्याच्याकडे अर्ज केला तो सातबाऱ्यावर नाही. पण वर्षाकाठी एक नारळ, एवढाच त्याचा आकार, आणि राखतो तो अहोरात्र.

शेजारच्या आरवलीचा वेतोबा तर सर्वश्रुतच आहे. त्याला नवसाच्या चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्री गावाची फेरी करतो आणि चालून चालून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. लहानपणी आजीबरोबर गेलो असता मी त्या चपलांचे तळ उलटून पाहण्याचा हट्ट धरला होता आणि त्याबद्दल धपाटा खाल्ला होता. झिजलेल्या होत्या की नव्हत्या, ते मला आठवत नाही. आज या वयात मला त्या श्रद्धेचा अर्थ निराळा लागतो: स्वामित्वाचा पुरावा म्हणून या देवाजवळ सनद नाही, ताम्रपट नाही, झिजलेल्या चपला आहेत.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलली पाहिजे, नाहीतर हा निबंध शहरातून चार दिवस येऊन 'कोकण असेच राहू द्या' म्हणणाऱ्यांच्या उसाशात जमा होईल. आमचे कोकण सुंदर होते तेव्हा ते उपाशीही होते. समोर तोच समुद्र होता आणि पानात पेज होती. घरातला कर्ता पुरुष गिरणगावातल्या खोलीत दहाजणांबरोबर झोपत होता, आणि पोस्टमन मनीऑर्डर घेऊन येईपर्यंत वाण्याची उधारी थांबत नव्हती. त्या दिवसांत कुणी क्षितिजाचे तीनशे रुपये दिले असते तर आजोबांनी ते दोन्ही हातांनी घेतले असते, आणि कोणत्याही मीमांसकाने त्यांना अडविले असते तर मी त्या मीमांसकाचा धिक्कार केला असता. तसेच, गावरहाटी म्हणजे केवळ पावित्र्य होते असेही नाही. तीत मानपान होते, कोणी कुठवर यावे याच्या हद्दी होत्या, आणि त्या हद्दींबाहेर ज्यांना उभे राहावे लागले त्यांच्या आठवणी माझ्या आठवणींसारख्या गोड नाहीत. रत्नागिरी-कुलाब्यातला खोतही स्वतःला गावाचा राखणदारच म्हणवीत असे; कुळाच्या कणगीत काय उरत असे ते ध्यानात घेऊनच बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. राखण हा शब्द उच्चारल्याने कुणी राखणदार होत नाही. राखले काय आणि कुणासाठी, हे विचारावे लागते.

तो प्रश्न मला प्रथम विचारला तो कोळणींनी. आमच्या वाडीतून पुळणीकडे उतरणारी एक जुनी पाणंद आहे. तिच्या खालच्या टोकाला एका बाहेरच्या व्यावसायिकाने जागा घेऊन जांभ्या चिऱ्याची भिंत घातली आणि पाणंदीवर लोखंडी फाटक बसविले. भिंत सुबक आहे. आत हिरवळ आहे, वेताच्या खुर्च्या आहेत. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याची, मासळी टोपलीत घालून वर येणाऱ्या बायकांना आता लांबचा वळसा पडतो, आणि डोक्यावरून गळणारे पाणी मानेवरून पाठीवर उतरत असता त्या जेव्हा माझ्या अंगणात टेकतात, तेव्हा त्यांतली एखादी माझ्या समोरच्या दोन खोल्यांकडे बघून विचारते, "भाऊ, तुमी कदी फाटक घालतलास?" ती थट्टेनेच विचारते. वहिवाटीबद्दल मी कचेरीत अर्ज दिला आहे. चौकशी चालू असल्याचे तोंडी कळते.

याच बायकांच्या घरचे पुरुष जी रापण ओढतात, तिची वाटणी मी कित्येकदा उभे राहून पाहिली आहे. होडी ज्याची त्याचा वाटा, जाळे ज्याचे त्याचा वाटा, ओढणारांचे वाटे. आणि पुळणीवरून सहज जाणाऱ्या ज्याने दोराला हात लावला असेल त्याच्याही पुढ्यात मूठभर पेडवे पडतात. समुद्राचा वाटा मात्र कुणी लावीत नाही, कारण समुद्र कुणाचाच नाही हे तिथे सर्वांनी गृहीत धरलेले असते. हात लावला का, एवढेच पाहतात.

धंदा आणि राखण ही दोन्ही एका दावणीला बांधता येतात, याचे उदाहरण रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, नाना फडणवीसांच्या वेळासला आहे. तिथल्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. ती अंडी पूर्वी माणसे आणि कोल्हीकुत्री नेत असत. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांना हाताशी धरून ती राखण्यास आरंभ केला. आता पिले बाहेर पडण्याच्या दिवसांत लांबलांबची माणसे तिथे येतात, गावातल्या घरांतून उतरतात, घरचे साधे जेवण जेवतात, आणि सकाळ-संध्याकाळ दोरीच्या अलीकडे उभी राहून बोटाएवढ्या जिवांना पाण्याकडे जाताना पाहतात. पिलू उजेडाच्या रोखाने चालते; समुद्रावरचे आकाश उजळ असते म्हणून ते समुद्राकडे जाते. किनाऱ्यावर दिवे लावले की त्याची दिशा चुकते. म्हणजे या गावाचा धंदा, काय लावले नाही, यावर उभा आहे. तिथे पाहुण्याने मोजलेल्या रुपयात न लावलेल्या दिव्याचाही दाम आहे, आणि तो दाम घेताना कुणाची मान खाली जाण्याचे कारण नाही.

मला माझ्यावर येणारा एक आक्षेप दिसतो. आपल्या चार खोल्या बांधून झाल्यावर माणसाला तत्त्वज्ञान सुचते. जो आत आला तो दार लोटून घेतो आणि त्याला संरक्षण म्हणतो. या आक्षेपाला माझ्याजवळ वाद नाही, एक वही आहे. त्या माघानंतर पुढल्या खोल्यांचे जादा तीनशे रुपये मी निराळ्या वहीत मांडू लागलो. सरलेल्या हंगामात त्यांतून वरच्या टोकाची पाणंद साफ करविली, अंगणातले समुद्राच्या बाजूचे दिवे काढून खाली तोंड करणारे बुटके दिवे बसविले, आणि सड्याच्या टोकाला राखण दिली. रक्कम उरली आहे. ती संपत नाही याची मला लाज वाटते, इतकेच.

दलालाला मी होकार दिलेला नाही आणि नकारही पुरता देता येत नाही. कारण आमचे खाते सामाईक आहे; उताऱ्यावर भोगवटादार म्हणून माझ्यासह तीन नावे आहेत. डोंबिवलीची चुलतबहीण माझ्या बाजूने आहे. विरारच्या चुलतभावाच्या मुलीचे शिक्षण चालू आहे, त्याला पैशाची निकड आहे, आणि त्याने हा सडा विसेक वर्षांत पाहिलेला नाही. त्याला मी लिहिले आहे की सही करण्यापूर्वी एकदा येऊन जा. पुढली खोली तुझ्यासाठी मोकळी ठेवली आहे, तिचे भाडे नाही. त्याचे उत्तर अद्याप आलेले नाही.